तीन स्क्रीन आणि हौदाची किल्ली

मधुसूदनराव जिंतूरकरांनी बुधवार निवडला, कारण बुधवार हा गिरिजा रेसिडेन्सीतला सगळ्यात निरुपद्रवी वार होता. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि या खेपेला ते शुक्रवारी येणार होतं. टँकर मंगळवारीच येऊन गेला होता. म्हणजे बुधवारी दुपारी तीन वाजता कुणाला गॅलरीत येऊन उभं राहायचं काही कारण नव्हतं. सामान आणणाऱ्या माणसाला त्यांनी तीनदा फोन करून बजावलं होतं की हॉर्न वाजवू नका आणि खालून नाव पुकारू नका. तिसऱ्या फोनला त्या माणसाने विचारलं की सर, खोक्यात आहे तरी काय? तेव्हापासून मधुसूदनरावांना त्याचाही संशय येऊ लागला.

खोक्यांत कॉम्प्युटरचे दोन मॉनिटर होते, बत्तीस-बत्तीस इंची. तिसरा घरात होताच. यात लपवण्यासारखं काय, असं एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल. पण मधुसूदनराव एकोणसाठ वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले होते. चेहऱ्यावर कायम एखादी फाईल अडवून धरल्याचा भाव असे. आणि मुख्य म्हणजे सोसायटीच्या हौदाची किल्ली त्यांच्याकडे होती. असा माणूस रोज दुपारी चार ते सहा दार लावून, कानाला हेडफोन चढवून कॉम्प्युटरवर बस चालवण्याचा खेळ खेळतो हे बाहेर कळलं असतं, तर किल्ली कदाचित राहिली असती, पण ती ज्या अदबीने मागितली जायची ती अदब गेली असती.

या किल्लीचं महत्त्व बाहेरच्याला कळणार नाही. शहराबाहेर, हर्सूलच्या पुढे, जिथं सहा वर्षांपूर्वी ज्वारी होती तिथं आता इमारतींचं पीक आलं आहे. गिरिजा रेसिडेन्सी त्यातलीच एक, चार मजली, बारा बिऱ्हाडांची. बिल्डरने कागदावर 'तलावाचा देखावा' असं छापलं होतं. त्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि देखावा तेवढा राहिला. पार्किंगच्या बाजूला जमिनीखाली एक हौद होता. नळाचं आणि टँकरचं पाणी त्यात पडायचं, तिथून ते मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढायचं, आणि सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं घरोघर सोडलं जायचं. हौदात थेट बादली बुडवायची नाही, असा ठराव होता. झाकणाला कुलूप होतं. पाटबंधारे खात्यात होते म्हणजे पाण्यातलं कळतं, या समजुतीने किल्ली मधुसूदनरावांना मिळाली होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कालवा फक्त नकाशात पाहिला होता, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी सातला ते झाकण उघडत, रंगाच्या खुणा केलेला बांबू हौदात सोडत आणि पातळी फळ्यावर लिहीत. आणि रोज हिशेबापेक्षा एक वीत पाणी कमी भरत असे. कुणीतरी चोरत होतं. मधुसूदनरावांचा संशय अकरा बिऱ्हाडांवर होता आणि तो त्यांनी सगळ्यांवर सारखा वाटून ठेवला होता. मागच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं होतं की चोर बाहेरचा नाही, आपल्यातलाच आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा असं चाललं आहे. त्या वाक्याला कालिंदीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मान डोलावल्याचं त्यांनी समाधानाने पाहिलं होतं.

आता बसकडे येऊ. कॉम्प्युटर मुलाचा, अमेयचा. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि कॉम्प्युटर, खेळायचं स्टेअरिंग, पायातले ब्रेक असं सगळं मागे ठेवून गेला. मधुसूदनराव एके दिवशी धूळ पुसायला बसले आणि दोन तासांनी उठले. कुणा हौशी माणसाने त्या खेळात लाल बस आणि आपल्याकडचा असावा असा वळणावळणाचा घाट घालून ठेवला होता. खऱ्या जगात मधुसूदनरावांना गाडी येत नव्हती. घरची गाडी कालिंदीबाई चालवायच्या आणि हे डाव्या बाजूला बसून "हळू" म्हणायचे. खेळात मात्र पन्नास प्रवासी यांच्या भरवशावर डोळे मिटून बसलेले असत. मधुसूदनरावांना ते लई आवडलं, असं त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

अडचण एकच होती. एका स्क्रीनवर फक्त समोरचं दिसे. बाजूचे आरसे दिसत नसत, त्यामुळे वळणावर बसची मागची चाकं दरीत जात. त्यांनी अमेयला फोन करून, एका मित्राला माहिती हवी आहे असं सांगून, उपाय विचारला. तो म्हणाला की दोन्ही बाजूंना एकेक स्क्रीन लावला की आरसे दिसतात. मग जरा थांबून म्हणाला, मित्राला सांगा बाबा, की जपून चालवत जा.

असा तो बुधवार. बरोबर तीन वाजता छोटा टेम्पो फाटकाशी आला, आणि बरोबर पावणेतीनला, शुक्रवारचं पाणी बुधवारी आलं होतं. अख्खी सोसायटी पाइप, फडकी आणि बादल्या घेऊन पार्किंगमध्ये उतरली होती. मधुसूदनराव स्वतः किल्ली घेऊन हौदापाशी उभे होते. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला नाही, नावही पुकारलं नाही. त्याने तोंडाशी बोट नेऊन दुरूनच त्यांना खूण केली. ती खूण अकरा बिऱ्हाडांनी पाहिली.

खोकी तीन फूट लांब होती. पहिल्यांदा पुढे आले तळमजल्यावरचे कडुबाभाऊ हिवराळे. चौतीस वर्षं एसटीची बस चालवून निवृत्त झालेले, फर्दापूरच्या मार्गावर हयात गेलेली. ते दिवसभर दारापुढे खुर्ची टाकून बसत आणि येणारं-जाणारं सगळं बघत. त्यांनी विचारलं की हे काय हाय. मधुसूदनराव म्हणाले, खात्याचं आहे. कडुबाभाऊ म्हणाले, तुम्ही तर रिटायर झाले. मधुसूदनराव म्हणाले, म्हणूनच. यातल्या 'म्हणूनच'चा अर्थ दोघांनाही लागला नाही. पुढे जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सत्यभामाबाई भेटल्या, घाटी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांना मधुसूदनरावांनी सांगितलं की आरसे आहेत. एका अर्थी ते खरंच होतं. दारात शेजारच्यांनी विचारलं तेव्हा हात भरून आले होते, म्हणून जे तोंडाला येईल ते म्हणाले, आणि तोंडाला आलं ते 'देवांचे फोटो'.

संध्याकाळी फाटकापाशी दुधाच्या रांगेत ही तिन्ही उत्तरं एकमेकांना भेटली. खात्याचे आरसे आणि त्यात देव, असा मेळ काही केल्या बसेना. शेवटी सत्यभामाबाईंनी निदान केलं की माणूस एवढं खोटं फक्त पाण्यासाठी बोलतो. खोक्यांत घडीची टाकी असणार, आजकाल प्लास्टिकच्या मिळतात म्हणे. घरटी एकाच पिंपाचा ठराव असताना, ज्याच्याकडे किल्ली त्यानेच टाकी आणावी, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्या कालिंदीबाईंच्या गॅलरीकडे बघून म्हणाल्याही, की तुमचा मोगरा मात्र या दुष्काळात कसा हिरवागार. आमच्या तुळशीच्या काड्या झाल्या. कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या, तांदळाच्या धुवणाचं पाणी घालते. हे ऐकून मधुसूदनरावांना आपल्या बायकोच्या काटकसरीचा अभिमान वाटला.

इकडे खोलीत निराळाच दुष्काळ होता. तीन मॉनिटर एका रेषेत ठेवायला सात फुटांचं टेबल लागतं हे अमेयने मित्राला सांगितलं नव्हतं. म्हणून बद्रीनाथ सुताराला बोलवावं लागलं. त्याने माप घेतलं आणि विचारलं की यावर झोपायचं कुणी? मधुसूदनरावांनी सांगितलं की पुस्तकं ठेवायची आहेत. बद्रीनाथने घरभर नजर फिरवली. घरात पंचांग आणि गॅसचं पासबुक सोडून वाचण्यासारखं काही नव्हतं. त्याने फळी नुसती टेकवली आणि म्हणाला की पुस्तकं आली की बघूनच ठोकतो.

मग तारा. कॉम्प्युटरच्या मागे तीन खाचा होत्या, पण तिन्हींची तोंडं तीन तऱ्हांची. मधुसूदनराव पैठण गेटच्या बाजारात गेले. दुकानदाराने तार दाखवत विचारलं, "चचा, तीन-तीन स्क्रीन? शेअर का काम है के कॅमेरे का?" दोन्ही नाही म्हटल्यावर तो जरा वेळ यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि पावतीवर नाव न लिहिताच तार दिली. परतताना मधुसूदनराव गुलमंडीवर उतरले आणि तिथून जाड निळ्या कापडाचा पडदा घेतला. खोलीची डावीकडची खिडकी पार्किंगवर, नेमकी हौदावर उघडत होती. तिथून कुणी वर बघितलं तर बस दिसली असती. पडदा लावल्यावर आता जगातल्या कुणालाही आपण दिसत नाही याचं त्यांना हायसं वाटलं. आपल्यालाही जग दिसत नाही, हा विचार त्यांच्या मनात आला नाही.

तारा जोडल्या, तिन्ही स्क्रीन उजळले आणि निराळीच भानगड झाली. डावीकडचं उजव्या स्क्रीनवर आणि उजवीकडचं डाव्या स्क्रीनवर दिसू लागलं. ते कसं बदलायचं हे विचारायला पुन्हा मित्राचं नाव पुढे करावं लागलं असतं, म्हणून मधुसूदनरावांनी दोन दिवस तसंच चालवलं. डाव्या वळणाला उजवीकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मान उजवीकडे वळली ती तिथेच राहिली. सत्यभामाबाईंनी जिन्यातच मान तपासली आणि म्हणाल्या की एकाच दिशेला तासन्‌तास टक लावून बघितल्याशिवाय असं होत नाही. तुम्ही बघता तरी काय?

त्याच दिवशी बद्रीनाथ फळी ठोकायला आला. खोलीत पुस्तक एकही नव्हतं. तीन मोठे स्क्रीन ओळीने, खिडकीला जाड पडदा, पडद्यामागे हौद, आणि मान आखडलेला माणूस. बद्रीनाथने फळी ठोकली, चहा घेतला, खाली उतरला आणि कडुबाभाऊंच्या खुर्चीपाशी उभं राहून सांगितलं की टाकी-बिकी काही नाही, जिंतूरकर साहेबांनी कॅमेरे बसवलेत. हौदावर, पार्किंगमध्ये आणि तिसरा कुठं आहे ते देव जाणे.

त्या दिवसापासून गिरिजा रेसिडेन्सीची चाल बदलली. मान वळलेले मधुसूदनराव जिन्याने उतरू लागले की प्रत्येकाला वाटे हे आपल्याकडेच बघतात. कुणी भिंतीचे कोपरे न्याहाळू लागलं, कुणी दिव्याच्या काचेत डोकावलं. पार्किंगच्या नळाचा पाइप नाहीसा झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. पहिल्यांदा चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ शेवयांची वाटी घेऊन आले आणि इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले की मंगळवारी गाडी धुतली ती शेवटचीच, तुम्हाला दिसलंच असेल. मधुसूदनरावांना काही कळलं नाही. मान दुखत होती म्हणून ते एवढंच म्हणाले, "हं." गृहस्थ घाम पुसत गेले. मग शेजारचे आले. त्यांच्याकडे पलंगाखाली दुसरं पिंप होतं. त्यांनाही "हं" मिळालं. चौथ्या दिवशी सत्यभामाबाई आल्या, तेव्हा मधुसूदनरावांना सगळा उलगडा झाला होता. बाईंनी खाली मान घालून कबूल केलं की गच्चीवरच्या टाकीतून त्या सकाळी दोन कळशा काढत होत्या.

आपण कॅमेरे बसवलेले नाहीत, हे मधुसूदनराव त्या क्षणी सांगू शकले असते. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यापुढे कुणी आपण होऊन काही कबूल केलं नव्हतं. त्यात बांबूवरची खूण बोलत होती. वीतभर जाणारं पाणी आता जेमतेम चार बोटं जात होतं. आठव्या दिवशी हौदात पाणी शिल्लक राहिलं, असं इमारत उभी राहिल्यापासून प्रथमच घडलं. लोक त्यांना जिन्यात वाट देऊ लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते गप्प राहिले.

मूठ उघडली ती विजेने. कॉम्प्युटर, तीन स्क्रीन आणि कूलर एकदम लावले की घरातली वीज खटकन जाई, आणि ती नेमकी बस घाटात असताना. मधुसूदनराव वाढीव भाराचा अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने कारण विचारलं. यांनी 'घरगुती उपकरणे' असं लिहिलं होतं. कारकून म्हणाला, उपकरणांची नावं लिहा आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला आणा. एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाचा कागद अडवावा याचं मधुसूदनरावांना फार वाईट वाटलं. पण अडवणूक इतकी बिनचूक होती की मनातल्या मनात त्यांनी तिला दादही दिली.

दाखला द्यायचे सोसायटीचे अध्यक्ष, म्हणजे कडुबाभाऊंचे चिरंजीव राजेंद्र हिवराळे. कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि सौम्यपणे सांगितलं की त्यांच्याकडेही एक अर्ज आलेला आहे. सहा बिऱ्हाडांच्या सह्या आहेत. पाण्यावर नजर ठेवायला कुणाची हरकत नाही, पण कॅमेऱ्यात गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, दारं-खिडक्या असं काय काय दिसतं याची शहानिशा झाली पाहिजे. बायकामाणसांचा प्रश्न आहे. तेव्हा गुरुवारी सकाळी अकरा वाजता दोन जणांची समिती पाहणीला येईल. समितीत ते स्वतः आणि, रिकामा वेळ असल्यामुळे, त्यांचे वडील.

गुरुवारपर्यंत मधुसूदनराव नीट जेवले नाहीत. प्रश्न साधा होता. कॅमेरे आहेत म्हणावं तर ते दाखवावे लागणार, आणि बायकांच्या गॅलऱ्यांकडे बघणारा म्हणून नाव होणार. कॅमेरे नाहीत म्हणावं तर मग हे काय, असं विचारणार, आणि एकोणसाठाव्या वर्षी खेळतो म्हणून सोसायटी हसणार. चोर ठरावं की पोर ठरावं, एवढंच ठरवायचं होतं. आणि दोन्हीकडून किल्ली जात होती. त्यांनी कालिंदीबाईंना सल्ला विचारला. कालिंदीबाईंना बसबद्दल पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या म्हणाल्या, "खरं ते सांगून टाका. कर नाही त्याला डर कशाला?" आणि मोगऱ्याची सुकलेली पानं खुडायला निघून गेल्या.

समिती वेळेवर आली. स्टेअरिंगवर मधुसूदनरावांनी टॉवेल टाकून ठेवला होता. प्राध्यापक स्क्रीनकडे बघत वहीत काही लिहू लागले. कडुबाभाऊंनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. चौतीस वर्षं ज्याने ती गोष्ट हातात धरली, त्याला ती टॉवेलाखालूनही ओळखू येते. त्यांनी टॉवेल उचलला.

"साहेब, ह्ये स्टेरिंग कशाला?"

"बस आहे," मधुसूदनराव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना वाटलं की आपण पोर ठरायचं ठरवलं आहे. "मी बस चालवतो. कॅमेरे नाहीत. एकही नाही."

त्यांनी बटण दाबलं. तिन्ही स्क्रीनवर घाट उभा राहिला. समोर रस्ता, डावीकडे आरसा, उजवीकडे आरसा. डावं-उजवं त्यांनी शेवटी अमेयला खरं सांगून बुधवारीच सुधारून घेतलं होतं. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मोठ्या माणसासमोर हसायचं नसेल तर ते असंच करायचे. पण कडुबाभाऊ हसले नाहीत. ते खुर्चीत बसले, खुर्ची पुढे ओढली, दोन्ही आरशांत बघून घेतलं आणि थांबले.

"घंटी कोन देनार?" त्यांनी विचारलं.

खेळात घंटीची सोय नव्हती. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा नियम कडुबाभाऊंनी चौतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. प्राध्यापक वहीत बघू लागले. अखेर मधुसूदनराव जिंतूरकर, निवृत्त वरिष्ठ लिपिक, यांनी तोंडाने दोनदा "टिंग, टिंग" केलं आणि बस सुटली.

कडुबाभाऊ घाट उतरले. एकाही वळणावर चाक रस्त्याबाहेर गेलं नाही. हा तर अजिंठ्याचाच घाट, असं ते पुटपुटत होते, आता फर्दापूर दिसल बघा. फर्दापूर दिसलं नाही, कारण ते खेळात नव्हतं. खाली पोचल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि हात स्टेअरिंगवर तसेच ठेवून बसले. "आठ वर्सं झाली," ते म्हणाले. "सपनात चालवतो रोज. पर सपनात ब्रेक लागत नाय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.  या माणसावर आपण दोन महिने पाणीचोरीचा संशय घेतला याची मधुसूदनरावांना मनापासून लाज वाटली.

आता पेच प्राध्यापकांपुढे होता. कॅमेरे नाहीत असं लिहावं तर उद्यापासून हौद पुन्हा वीतभर उतरणार. आहेत असं लिहावं तर खोटं. कायदा शिकवणाऱ्या माणसाने थोडा विचार करून अहवाल लिहिला आणि फळ्यावर लावला: 'सदर खोलीची पाहणी केली. तीन स्क्रीन चालू स्थितीत आढळले. त्यांवर समोरचे, डावीकडचे व उजवीकडचे स्पष्ट दिसते. कोणाचीही गॅलरी दिसत नाही. यंत्रणेची रोज तपासणी होईल.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बिऱ्हाडांचं समाधान झालं आणि वाढीव भारही मिळाला.

रोजच्या तपासणीला कडुबाभाऊ दुपारी चारला येऊ लागले. अर्धा वेळ ते चालवत आणि हे घंटी देत, अर्धा वेळ हे चालवत आणि ते शेजारी बसून चुका काढत. चूक एकच निघे. "साहेब, तुम्ही डावा आरसा बघतच नाय. म्होरचं काय, कुनालाबी दिसतं. उजवीकडं तर आपुन सोता बसलेलो. घात व्हतो तो डावीकडून." मधुसूदनराव बघतो म्हणत आणि विसरत. मान बरी झाली होती, पण डावीकडे वळायची तिची सवय गेली ती गेलीच.

त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. सगळी सोसायटी सुधारली तरी ती चार बोटं अजून रोज जातच होती. हौदाला चीर असेल म्हणून त्यांनी गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला, हौद पक्का आहे. मग त्यांना बिल्डरचा संशय आला, त्याच्याकडे दुसरी किल्ली असेल. टँकरवाल्याचा आला. शेवटी उन्हाचाही आला, झाकणाखाली वाफ होऊन जात असेल. त्यांनी हे सगळं कडुबाभाऊंना सांगितलं. कडुबाभाऊ ऐकून घेत आणि म्हणत, "व्हय, आसल."

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. कूलर असूनही खोली तापली होती. मधुसूदनराव घाटात होते, कानाला हेडफोन नव्हता कारण कडुबाभाऊ बोलत असत. कडुबाभाऊ उठले, म्हणाले की डायवरला वारं पाहिजे, आणि गुलमंडीचा निळा पडदा सर्रकन बाजूला ओढला. मग पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

"डावीकडं बघा, साहेब."

मधुसूदनरावांनी डाव्या स्क्रीनवर बघितलं. आरशात मोकळा रस्ता होता.

"त्याच्याबी डावीकडं."

त्यांनी मान आणखी वळवली. खिडकीखाली हौदाचं झाकण उघडं होतं. कुलूप नीट बाजूला ठेवलेलं, त्यात किल्ली. कालिंदीबाई पदर खोचून वाकल्या होत्या आणि हौदातून एक झारी आणि एक बादली भरून घेत होत्या. घाई नव्हती, चोरटेपणा नव्हता. वर कॅमेरे नाहीत आणि चार ते सहा या वेळात नवरा घाटात असतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि आता तर खालची खुर्चीही रिकामी असे. बस कठडा तोडून दरीत गेली. पन्नास प्रवाशांकडे कुणी बघितलं नाही.

 मधुसूदनरावांनी खोल आवाजात विचारलं की तुम्हाला कधीपासून माहीत होतं. कडुबाभाऊ म्हणाले की त्यांची खुर्ची हौदापासून दहा पावलांवर असते. मग बोलला का नाहीत? "घरच्या बाईचं नाव दुसऱ्यानं घिऊ नाय," कडुबाभाऊ म्हणाले. "ज्याची किल्ली त्यालाच दिसावं. म्हनून तर रोज डावीकडं बघा, डावीकडं बघा करीत व्हतो."

 शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कबुल्या मधुसूदनरावांनी "हं" म्हणून ऐकल्या होत्या, तो प्रत्येक "हं" आता परत येऊन कानात वाजत होता. संध्याकाळी कालिंदीबाई स्वयंपाकाला लागल्यावर त्यांनी दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि तळमजल्यावर गेले. कडुबाभाऊ खुर्चीत होते.

"ही तुमच्याकडे ठेवा," मधुसूदनराव म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही."

कडुबाभाऊंनी किल्ली घेतली, सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली आणि खिशावरून हात फिरवला. "मोगऱ्याला पानी लागनारच, साहेब," ते म्हणाले. "पर घरचाच डायवर हाय म्हनून तिकीट काढायचं नाय, आसं चालत नाय. उद्या चारला येतो. घंटी तयार ठेवा."

फळ्यावर दुसऱ्या दिवसापासून नव्या माणसाच्या अक्षरात पातळी लागू लागली. तिसऱ्या दिवशी हिशेबापेक्षा एक बोटही पाणी कमी भरलं नाही. सोसायटीने त्याचा अर्थ असा काढला की जिंतूरकर साहेब आता किल्लीवरही कॅमेरा ठेवणार, आणि जिन्यातली अदब आणखी वाढली. किल्ली खाली गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कालिंदीबाई दुपारी चार वाजता दारामागे गेल्या, रिकाम्या खिळ्याकडे बघितलं आणि खोलीत आल्या. किल्ली कुठं आहे, त्यांनी विचारलं. मधुसूदनराव स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले की खाली दिली. कालिंदीबाईंनी उघड्या खिडकीकडे पाहिलं, बाजूला सारलेल्या निळ्या पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्यावर त्यांच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पण जिंतूरकरांच्या घरात बापजाद्यांपासून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होत आली होती आणि भात फक्त सणाला शिजायचा, तिथं त्या रात्रीपासून दोन्ही वेळा भात होऊ लागला. तांदूळ तीन पाण्यांनी धुतला जातो आणि ते पाणी बाजूला ठेवलं जातं. मधुसूदनराव ताटाकडे बघतात, गॅलरीतल्या मोगऱ्याकडे बघतात, आणि मुकाट्याने भात कालवतात.